पाणी कोणी पाजलं

आमच्या दारामागे खिळ्याला एक फाटकी चप्पल टांगलेली असे. ती कोणाच्या पायातली नव्हती, बाबांच्या नाकासाठी होती. बाबांना फिट यायची. जळगावकडून ते बडोद्याला कारखान्यात कंत्राटी कामाला आले आणि दुसऱ्यांदा गेटवर पडले तेव्हा ठेकेदाराने त्यांचं कार्ड काढून घेतलं. मग आई लोकांच्या घरी स्वयंपाकाला जायला लागली. सकाळी मांजलपूरच्या सोसायट्या, दुपारी जुन्या शहरातली घडियाळी पोळ, म्हणजे अरुंद गल्लीतली वस्ती.

बाबा पडले की शेजारपाजारचे धावत यायचे. एकजण ती चप्पल त्यांच्या नाकाशी धरायचा, दुसरा दातांत चमचा कोंबायचा. चमच्याने त्यांचे पुढचे दोन दात गेले. "आता शिट्टी मस्त वाजेल, भाई," असं शेजारी म्हणाला आणि नुकतेच शुद्धीवर आलेले बाबा त्याच्याबरोबर हसले. टीव्ही त्याच्याकडेच होता, मॅच बघायला त्याच्याच घरी जावं लागे.

मी बारावीत असताना एका दुपारी फिट थांबली, पण बाबांनी डोळे उघडले नाहीत. घशात घरघर चालली होती. आई म्हणाली, "पाणी पाज त्यांना." मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, तांब्या ओठांना लावला आणि ओतलं. ते एकदा खोकले. आई म्हणाली, "अजून थोडं." मी अजून ओतलं. मग ओठ निळे पडले.

रुग्णवाहिका आली. तिच्यातल्या माणसाने बाबांना कुशीवर वळवलं तसं तोंडातून पाणी बाहेर आलं. त्याने मान वर करून विचारलं, "पाणी कोणे पिवडाव्युं?" पाणी कोणी पाजलं. आई पुढे होऊन म्हणाली, "माझ्या मुलीने." कौतुकाने म्हणाली. तो माणूस माझ्याकडे बघत राहिला. बाबा दवाखान्यापर्यंत पोचले नाहीत.

पुढे कितीतरी वर्षं आई भेटेल त्याला हेच सांगायची. नवऱ्याचं आयुष्यात काही धड झालं नाही, पण शेवटचं पाणी लेकीच्या हातचं मिळालं. तिच्याकडे मिरवायला एवढंच होतं.

मी बीएससी झाले. आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली, आणि हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगते. त्यानंतर रुग्णवाहिकेवरच्या नोकरीचं प्रशिक्षण सुरू झालं. छाती दाबायचा सराव करायला रबरी पुतळा होता. शिकवणारे सर ओरडायचे, "बीएससी बेन, जोर लावा. डिग्री दाखवून तो उठणार नाही." सगळा वर्ग हसायचा. मीही जोर लावायचे, दुसऱ्या दिवशी मनगटं उचलत नसत.

चौथ्या दिवशी सरांनी सांगितलं की बेशुद्ध माणसाला गिळता येत नाही, त्याच्या तोंडात ओतलेलं पाणी फुफ्फुसात उतरतं. "म्हणून घरात शिरलात की पेशंटच्या आधी घरच्यांच्या हातांकडे बघायचं. कोणाच्या तरी हातात तांब्या असतोच. पहिला तो काढून घ्यायचा."

मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, "सर, असं पाणी पाजून मेलेलं कोणी असतं का खरंच?"

"भरपूर," सर म्हणाले. "पाजणाऱ्याला पत्ता नसतो, इतकंच."

मी वहीत लिहिलं, पाणी नाही. पेन इतकं दाबलं होतं की ते पुढच्या दोन पानांवर उमटलं. घरी गेले, जेवले, आईला काही सांगितलं नाही.

नोकरी लागली. पहिले सहा महिने उमेदवारीचे होते आणि त्यातले पाच झाले होते, तेव्हा एका सकाळी घडियाळी पोळमधला पत्ता आला. घर मी ओळखलं. आई दुपारी जिथे स्वयंपाकाला जायची तेच, संस्थानच्या काळातल्या अधिकाऱ्यांचं मराठी घर, भिंतीवर फेटेवाल्या आजोबांची तसबीर. गाडी पोळच्या तोंडाशीच अडली. मी आणि पायलट, म्हणजे आमचा ड्रायव्हर, स्ट्रेचर घेऊन पळत आत गेलो.

घरच्या काकूंचा पन्नाशीतला मुलगा फरशीवर उताणा पडला होता. फिट नुकतीच थांबली होती. सुनेच्या हातात चप्पल होती, काकूंच्या हातात देवघरातला तांब्या. घशातली घरघर तीच, बाबांची.

"काकू, पाणी नको."

"गंगाजल आहे हे."

"ते पण नको. तो गिळू शकत नाही."

"तू मला शिकवणार?" म्हणत त्यांनी तांब्या त्याच्या ओठांना लावला. मी त्यांच्या मनगटावर फटका मारला. तांब्या उंबऱ्यापर्यंत घरंगळत गेला. मी त्याला कुशीवर वळवलं, नळीने तोंड साफ केलं, ऑक्सिजन लावला.

काकूंनी मनगट चोळत मला निरखलं. "तू आमच्या स्वयंपाकवालीची ना? माझ्या देवाचं पाणी लाथाडलंस."

"हाताने पाडलं, काकू. पाय मोकळे नव्हते."

मुलगा वाचला. तिसऱ्या दिवशी त्याने दवाखान्यात चहा मागितला, ही बातमी आईनेच आणली. त्याच दिवशी काकूंची लेखी तक्रार आमच्या ऑफिसात आली. साहेब म्हणाले, "माफीच्या दोन ओळी लिहून दे. नाहीतर कायम व्हायचं विसर."

काकूंनी आईलाही बजावलं होतं. पोरगी माफी मागत नसेल तर तूही येऊ नको.

आई कणीक मळत होती. म्हणाली, "दोन ओळींनी तुझी बीएससी झिजणार आहे का?"

"माझी चूक नाही."

"आजारी माणसाच्या तोंडचं पाणी काढलंस आणि चूक नाही? तू स्वतः बापाला पाजलंस ते विसरलीस?"

मी गप्प बसू शकले असते. दमले होते हे खरं, पण तेवढंच नव्हतं. मला जिंकायचं होतं.

"त्या पाण्यानेच गेले ते. फिटने नाही. मी ओतलं, आणि तू म्हणालीस अजून थोडं."

तिचे हात कणकेत चालतच राहिले. तिने विचारलं, "तुला कधीपासून माहीत आहे?"

"ट्रेनिंगपासून."

"तेव्हाच सांगायचं होतंस. नाहीतर कधीच नाही."

दुसऱ्या दिवशी ती घडियाळी पोळला गेली नाही. काढून टाकायची संधी तिने काकूंना दिलीच नाही. मी ऑफिसात दोन ओळी दिल्या. बेशुद्ध माणसाला घरचे पाणी पाजत होते म्हणून मी ते पाडलं. पुन्हा पाजलं तर पुन्हा पाडेन. साहेबांनी त्या दोनदा वाचल्या आणि माझी उमेदवारी आणखी सहा महिने वाढवली.

शेवटच्या पाण्याची गोष्ट आई आता कोणाला सांगत नाही. पाहुण्यांपैकी कोणी काढलीच तर ती उठून आत जाते. मी पाण्याचा पेला पुढे केला तर म्हणते, "ठेव तिथे," आणि मी वळल्यावर घेते.

सहा महिन्यांनी मी कायम झाले. आता नव्या तुकडीला मीच शिकवते, आणि माझा पहिला तास पाण्याचा असतो.