आधी नाव बोला

नाव सांगितल्याशिवाय मुख्यमंत्र्यालासुद्धा उंबरा ओलांडू देणार नाहीत असे गृहस्थ अख्ख्या लातुरात एकच आहेत, आणि ते माझे दाजी आहेत. तसं त्यांचं दार सदा उघडं. रात्रीसुद्धा कडी लावत नाहीत. पण उंबऱ्यावर थांबून नाव बोललंच पाहिजे. मी सख्खा मेव्हणा, मुखेडहून एस.टी.नं धूळ खात पोचलेलो, तरी आतून आवाज येणारच, "कोण?"

"अहो दाजी, दिसतोय की मी!"

"दिसलं ते. नाव बोला."

मी नाव बोलायचो, मग पाणी मिळायचं. हा नियम फक्त दुसऱ्यांना असता तर मी भांडलो असतो. पण दाजी स्वतः ड्युटीवरून आले की आपल्याच दारात उभे राहून आपलं पूर्ण नाव, गावासकट, बायकोला ऐकवायचे. ताई चुलीकडून ओरडायची, "या आता आत! दुसरं कोण येणार हाय इथं मरायला!"

अशा माणसाला नोकरी कुठली मिळावी? पुढे मी लातुरातल्या ज्या कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचो तो एका कंपनीनं विकत घेतला, आणि तिथल्या कॉम्प्युटरांवर देखरेख करायला दाजी होते. कंपनीनं एक सर्व्हर बसवला, त्याचं नाव प्रॉक्सी. सगळ्यांचं इंटरनेट त्याच्यातूनच बाहेर जायचं, आणि तो प्रत्येकाला आधी नाव आणि पासवर्ड विचारायचा. दाजींना जुळा भाऊ सापडल्यासारखं झालं. रोज सकाळी ते त्याला जयभीम घालायचे. एकदा केमिस्ट्रीच्या सरांनी बायॉलॉजीच्या मॅडमचं नाव घालून क्रिकेटचा स्कोअर बघितला. दाजी भर स्टाफरूममध्ये सरांनाच म्हणाले, "मॅडम, तुमाला क्रिकेटचा लई नाद दिसतो. तास सोडून स्कोअर बघून राहिलात." सर आठवडाभर त्यांच्यासमोर चहा प्यायले नाहीत.

मग नांदेडची शाखा निघाली. लातुरात मी शिकवायचं आणि तिकडे नांदेडजवळ विष्णुपुरीच्या अलीकडे एका हॉलमध्ये बसलेल्या पोरांनी ते स्क्रीनवर बघायचं, असं ठरलं. त्यासाठी आलेलं सॉफ्टवेअर मात्र काही केल्या जोडलं जाईना. त्याच्यात प्रॉक्सीचा पत्ता लिहायला जागा होती, नाव-पासवर्ड लिहायला नव्हती. प्रॉक्सी विचारायचा, कोण? सॉफ्टवेअर गप्प. प्रॉक्सी दार लावून घ्यायचा. मॅनेजरनं दाजींना सरळ सांगितलं, "सोमवारी नांदेडचा वर्ग सुरू झाला नाही तर पुण्याहून माणूस आणतो. तुम्ही घरी बसा."

ताईनं मला गाठलं. "तू शिकलेला हायस, तूच सांग त्यांना." आमच्या घरात कॉलेज पाहिलेला पहिला मीच, त्यामुळे जगातलं सगळं मला कळतं असा तिचा समज. मी दाजींना म्हणालो, "त्या एका मशीनला न विचारता सोडून द्या. दोन मिनिटांचं काम."

"न्हाई. बिननावाचं कुणी जायचं न्हाई."

"नोकरी जाईल, दाजी!"

"ते सॉफ्टवेअर आडमुठं न्हाई हो, ग्रॅज्युएट. मुकं हाय ते. त्याला बोलणारा पायजे."

रविवारी दुपारी त्यांनी तो बोलणारा शोधून काढला. त्याच कॉम्प्युटरवर एक लहानसा प्रोग्राम बसवायचा. सॉफ्टवेअरनं त्याच्याकडे जायचं, आणि त्यानं सॉफ्टवेअरच्या वतीनं प्रॉक्सीला नाव-पासवर्ड सांगायचा. प्रॉक्सीचा मान राहतो, मुक्याचं काम होतं. त्या प्रोग्रामला काहीतरी नाव द्यायचं होतं. दाजींनी 'आण्णा' असं टाइप केलं.

"आण्णा कोण?" मी विचारलं.

"माझा थोरला भाऊ." दाजी स्क्रीनकडेच बघत होते. किल्लारीजवळच्या त्यांच्या गावाबद्दल ते कधी बोलत नसत. "भूकंपात आमी दोघं एकाच भिताडाखाली. वर लोक ओरडून राहिले, कोण हाय आत, नाव सांगा. माझ्या तोंडात माती. आण्णानंच माझं नाव सांगितलं, मोठ्यानं. म्हणून मला आधी काढलं." कीबोर्डवरची धूळ त्यांनी बोटानं पुसली. "त्याचं नाव सांगायचं ऱ्हाऊन गेलं."

सोमवारी सॉफ्टवेअर लागलं. नांदेडहून आवाज आला, "हॅलो लातूर, कोण बोलतंय?" मी तोंड उघडायच्या आत दाजींनी माईक ओढून आपलं पूर्ण नाव सांगितलं, गावासकट. तिकडची पोरं हसली. मॅनेजरही हसला, पुण्याचा माणूस काही आला नाही, आणि मी गतीचे नियम शिकवायला घेतले.

त्याला आता बरीच वर्षं झाली. तो क्लास राहिला नाही, ते सॉफ्टवेअरही कुणी वापरत नाही. दाजींचं दार अजून उघडंच असतं. मी मात्र उंबऱ्यावर आता कुणी न विचारताच थांबतो आणि माझं पूर्ण नाव सांगतो. जरा मोठ्यानंच सांगतो.