सभेआधीचं पाणी

श्री. काशिनाथ म्हात्रे यांना आम्ही सगळे भाऊ म्हणतो. त्यांच्या पंच्याहत्तरीनिमित्त लिहायला बसले आणि सर्वांत आधी आठवलं ते त्यांचं हसू. मी रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावची, कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगात शिकलेली. मुंबईत एका मंत्र्यांच्या कार्यालयात नोकरीला लागले तेव्हा भाऊ तिथे प्रसिद्धी अधिकारी होते. मंत्र्यांची भाषणं, वर्तमानपत्रांना जाणाऱ्या बातम्या, पत्रकारांची समजूत, सगळं त्यांच्याकडे. मी लिहिलेली पहिली मराठी बातमी त्यांनी शांतपणे वाचली आणि विचारलं, "इंग्रजीबाई, हे रोह्याच्या एस.टी. स्टँडवर मोठ्याने वाचून दाखवाल?"

"नाही. लोक हसतील."

"मग साहेबांच्या तोंडी कशाला घालता?" असं म्हणून ते इतकं मनमोकळं हसले, की माझ्या डोळ्यांत आलेलं पाणी तिथेच थांबलं. "घाबरू नका. तुम्ही रोह्याच्या, मी पेणचा. मध्ये काय ते एक नागोठणं!"

त्या दिवसापासून मी इंग्रजीबाई झाले आणि हळूहळू मराठी लिहायला शिकले.

भाऊंची एक रीत होती. मंत्र्यांची सभा ज्या गावी असे, तिथे ते आधीच्या एस.टी.ने जात. सरकारी चहापाण्याकडे न फिरकता एखाद्या घराच्या ओटीवर बसत आणि पाणी मागत. पाणी देणारं माणूस दोन शब्द बोलतंच. त्या दोन शब्दांवर त्यांचं भाषण उभं राहत असे. टाळ्या मंत्र्यांना मिळत, आणि भाऊ मंडपाच्या मागे उभे राहून त्या ऐकत.

पेणच्या खारेपाटातल्या एका गावी नळयोजनेचं उद्घाटन होतं, तेव्हा मी त्यांच्याबरोबर होते. खाडीच्या काठचं गाव, चहूकडे मिठागरं, आणि पिण्याचं पाणी लांबून डोक्यावर आणायचं. भाऊंच्या आत्याबाई तिथेच राहत. त्या दिवशी त्यांच्याच ओटीवर बसलो.

"पी रे काशा, गोडं हाय," आत्याबाई म्हणाल्या. "सकालीच टाकीत टँकर रिकामा केलाय. सायबांनी नल सोडला का झाला. उद्या आपला हंडा नि आपली वाट."

भाऊंच्या हातातला तांब्या थांबला. "आणि पाइप?"

"पाइप बांदापरत आलाय नि थांबलाय. तुझ्यावानी. सरकारात गेलास नि तितंच राह्यलास!" मग माझ्याकडे वळून, "तू पन पी गो बाय. याच्याकडं बघू नको."

भाऊ उठले, बांधापर्यंत चालत गेले, पाइपाचं उघडं तोंड पाहून आले आणि गावच्या वेशीवर त्यांनी मंत्र्यांची गाडी थांबवली. मी शेजारीच होते.

"मंडप भरलाय, म्हात्रे," सगळं ऐकून मंत्री म्हणाले. "आता काय परत जाऊ?"

"परत नको, साहेब. स्टेजवर जा. फक्त नळ सोडू नका."

"लोक काय म्हणतील?"

"टँकर लोकांनीच पाहिलाय. ठाऊक नव्हतं ते एकट्या आपल्याला."

"माझी बाजू मांडायचा पगार घेता ना तुम्ही?"

"तेच करतोय. आज नळ सोडलात तर योजना कागदावर पुरी झाली. मग तो पाइप पुढे न्यायला इथे कोण येईल? आणि हे गाव त्या कोरड्या नळाला तुमचं नाव देईल."

गाडीची काच वर गेली. भाऊंची नेमणूक मंत्र्यांच्या मर्जीवर होती. एका शब्दात ती जाऊ शकत होती. त्यांना ते माहीत होतं, मलाही.

मंत्री नळापाशी गेले. त्यांचा हात तोटीवर होता. मग त्यांनी हात काढून घेतला. "हे पाणी टँकरचं आहे. पाइप येईपर्यंत हा नळ मी सोडणार नाही."

तेवढ्यात बायकांच्या मागच्या रांगेतून आत्याबाईंचा आवाज आला, "आता कसा बोललास, बाबा!" आणि सगळा मंडप हसला, मग टाळ्या.

त्या टाळ्या मंत्र्यांच्याच होत्या, आणि त्यांनी त्या कमावल्याही होत्या, हे भाऊ आजही आवर्जून सांगतात. पण थोड्याच दिवसांत भाऊंना मूळ खात्यात, रोह्याच्या कचेरीत, परत पाठवण्यात आलं. ज्याने आपल्याला डगमगताना पाहिलं तो माणूस मंत्र्यांना रोज समोर नको वाटत असावा. मी रडले, तर भाऊ म्हणाले, "रडता काय? घराजवळ बदली झाली माझी. लोक त्यासाठी वशिले लावतात!"

जवळ आल्यामुळेच माझ्या घराला ते लाभले. कंपनीतून निवृत्त झालेल्या माझ्या वडिलांची दृष्टी गेली, तेव्हा सुट्टीच्या दिवशी भाऊ कुंडलिकेचा पूल ओलांडून अष्टमीला येत आणि त्यांना पेपर वाचून दाखवत. मंत्र्यांची बातमी आली की बाबा विचारत, "यातलं खरं किती?" भाऊ म्हणत, "तारीख खरी आहे, दादा."

त्या पाइपाचा पाठपुरावा त्यांनी सोडला नाही. इंजिनीअर बदलले, मंत्री बदलले, भाऊंच्या खेपा चालूच. शेवटी पाणी आलं. उद्घाटनाचं निमंत्रण भाऊंना नव्हतं. नंतरच्या एका सकाळी त्यांचा फोन आला, "इंग्रजीबाई, पेण स्टँडवर या. पाणी प्यायला जायचंय."

आत्याबाई थकल्या होत्या, पण आम्हाला पाहून स्वतः नळाशी गेल्या. भाऊंनी तांब्या रिकामा केला, मिशा पुसल्या आणि तो पुन्हा पुढे धरला.

"माग किती मागशील तवरा," आत्याबाई म्हणाल्या. "आज टँकरचा नाय."

आयुष्यभर दुसऱ्यांसाठी शब्द लिहिणाऱ्या भाऊंनी तांब्या पुन्हा तोंडाला लावला. ते नुसते पीत राहिले.

भाऊ आता रोह्याजवळ वरसे येथे राहतात. दारी येणाऱ्या प्रत्येकाला आधी विचारतात, "पाणी येतं ना?" भाऊ, तुमची तब्येत ठणठणीत राहो, पावलांतलं बळ टिको आणि शंभरीच्या पुढेही तुम्ही असेच पूल ओलांडून आमच्याकडे येत राहा. निरोप धाडू नका, ओटीवर बसून हाक मारा. तांब्या भरून ठेवते.