मालडब्यावरचा दीड मीटरचा टिळा

माझा नवरा लग्नाच्या पत्रिकांपासून मालगाडीचे डबे बनवायचा. कुणाच्या लग्नाला जायचं हे आमच्या घरी पत्रिकेच्या जाडीवरून ठरे. जाड, गुळगुळीत पत्रिका आली की तो ती दोन बोटांत धरून वाकवून बघे आणि म्हणे, "चांगलं घर दिसतंय." नवरानवरीची नावं त्यानंतर वाचायची, वाचलीच तर.

तो हिंगोलीत शाळेत गणित शिकवायचा, मी कॉलेजच्या ग्रंथालयात होते. आमच्या गावावरून पूर्वी छोटी लाईन जायची. ती उखडून मोठी लाईन टाकली तेव्हा गावाला आनंद झाला; सुतक लागलं ते याला एकट्याला. छोट्या लाईनचे मालडबे भंगारात जाण्याआधी मोजून घ्यायचे आणि घरी तसेच्या तसे करायचे, सत्त्याऐंशीपट लहान, असं त्याने ठरवलं. मग रविवारी आम्ही डबे मोजायला जाऊ लागलो. माझं वैवाहिक जीवन थोडक्यात सांगायचं तर मी टेपचं दुसरं टोक धरलं. एकदा रेल्वेच्या पोलिसाने हटकलं, "काय सर, डबा विकत घेता का?" नवरा गंभीरपणे म्हणाला, "नाही, दाराची कडी बघतोय." पोलिसाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तशी नजर मला पुढे थेट नवऱ्याच्या दहाव्यालाच पाहायला मिळाली.

तसेच्या तसे म्हणजे किती, याला मर्यादा नव्हती. पत्र्यावरचे रिव्हेट तो पत्रिकेच्या मागून बोथट सुईने एकेक टोचून उठवायचा. गंजासाठी विटेची पूड. डब्यावरच्या धुळीसाठी डोंगरकडा या गावाहून, त्याच्या मोठ्या बहिणीच्या शेतातून काळी माती आणून ती माझ्या जुन्या ओढणीतून गाळायची. अक्कांना वाटायचं, भाऊ शहरात राहून मातीला विसरला नाही. मी तो गैरसमज कधी दूर केला नाही.

नागपूरला असल्या लोकांचं एक मंडळ आहे. म्हणजे तो जगात एकटा नव्हता, हे मला लग्नानंतर बरंच उशिरा आणि जरा धक्क्यानेच कळलं. तो त्यांना फोटो पाठवायचा, ते चुका कळवायचे. ब्रेकचा दांडा उलट्या बाजूला आहे. छपराची गोलाई कमी आहे. तो दोन दिवस जेवताना बोलायचा नाही, मग नव्याने सुरू. शेवटच्या डब्याला मात्र उत्तर आलं, "यात चूक सापडत नाही. दिवाळीनंतरच्या प्रदर्शनात मधोमध ठेवू." तो निरोप त्याने दूधवाल्यालासुद्धा वाचून दाखवला. दूधवाला म्हणाला, "बराबर हाय सर," आणि वाटेला लागला.

वैशाखात तो गेला. दुपारी, खुर्चीत, चष्मा घालून. तेव्हापासून माझ्यापुढे काम एकच उरलं होतं: तो डबा नागपूरला पोचवायचा.

आता अक्कांविषयी. दरवर्षी खांडेनवमीला त्या आमच्याकडे यायच्या आणि घरातल्या प्रत्येक हत्याराला हळदकुंकू लावायच्या. विळी, स्क्रू ड्रायव्हर, मिक्सर, स्कूटर, एकदा माझा चष्मा. नवरा आदल्या दिवशीच सगळे डबे तांदळाच्या कोठीत लपवायचा. या वर्षी घरात सण नव्हता, म्हणून लपवायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. पण अक्का आल्याच. "सण न्हाई करायचा, माहीत हाय मला. पण हत्याराला कसलं आलंय सुतक?"

मी चहा करून बाहेर आले तोवर त्यांचं आटोपलं होतं. बाकीचे डबे काचेच्या कपाटात होते, ते वाचले. टेबलावर होता तो शेवटचा. त्याच्या दारावर ओल्या हळदीचं बोट उमटलं होतं, वर कुंकवाचा ठिपका.

"अक्का, हे काहून केलं?" घाबरले की माझ्याही तोंडी डोंगरकड्याची बोली येते.

"त्याच्या हातचं शेवटचं हाय ना? मग ते उघडंबोडकं ठिवायचं व्हय?"

नेमके दुसऱ्या दिवशी नागपूरच्या मंडळाचे एक गृहस्थ डबा न्यायला आले. बरोबर भिंग आणि कापसाचे थर घातलेली पेटी. त्यांनी भिंगातून डबा बराच वेळ पाहिला.

"हळद लावतात हे मान्य आहे काकू. हमाल दसऱ्याला खऱ्या डब्यांना लावायचे. पण प्रमाण बघा. हा टिळा खऱ्या डब्यावर दीड मीटरचा होईल."

अक्का दारातून म्हणाल्या, "म्हंजी काय झालं?"

"म्हणजे मावशी, बोट फार मोठं आहे."

"मग काय कापून दिऊ?"

गृहस्थ शहाणे होते, त्यांनी वाद वाढवला नाही. ओल्या कापसाने बरंच निघेल, उरलेल्यावर रंगाचा हात देऊ, मग सगळ्यात बारीक ब्रशने सुईच्या टोकाएवढा टिळा काढू. काम अगदी बिनचूक होईल, असं त्यांनी सांगितलं. त्यांचं खरं होतं. माझ्या नवऱ्याने त्यांना मिठी मारली असती.

"पूस गं," अक्का म्हणाल्या. "त्याचं नाव होऊन राहिलं तर पूस. मला काय त्याचं." आणि त्यांनी हात पदराखाली घेतला. बोट अजून पिवळं होतं.

मी कापूस भिजवला. भिंगातून पाहिलं तर हळदीत त्यांच्या बोटाच्या सगळ्या रेषा उमटल्या होत्या, रिव्हेटांहूनही स्पष्ट. नवरा गेला त्या दिवशी एक म्हातारी माझं कुंकू पुसायला पुढे आली होती. तिचा हात याच बोटांनी धरला होता. "ऱ्हाऊ द्या. तिचं ती बघंल," एवढंच अक्का म्हणाल्या होत्या. त्यानंतर त्या विषयावर आम्ही दोघी एक शब्द बोललेलो नाही.

मी कापूस बशीत ठेवला. "हा राहू द्या. बाकीचे न्या."

"पण काकू, बाकीच्यांत चुका आहेत. हाच तर—"

"हो. हाच."

गृहस्थांनी बाकीचे डबे पेटीत भरले. जाताना ते म्हणाले, सरांना वाईट वाटलं असतं. वाटलंच असतं. अक्कांनी त्यांना वाटेसाठी धपाटे बांधून दिले, आणि ते मात्र प्रमाणाबाहेर मोठे असल्याची तक्रार त्यांनी केली नाही.

डबा आता टीव्हीपाशी आहे. हळद सुकून थोडी तडकली आहे. नवरा असता तर त्याने ती त्याच संध्याकाळी, अक्कांची एसटी फाट्यावर पोचायच्या आत पुसली असती. आणि मी त्याच्यासाठी दिवा धरला असता.