तीन हसरे चेहरे

माझ्या पोटात काही राहत नाही, असं माझा नवरा सगळ्यांना सांगतो. त्याला काय माहीत — हे एक राहिलंय. त्याला सांगितलं नाही, आईलाही नाही. तुम्हाला का सांगतेय? कदाचित तुम्ही ग्लोरियाताईंना ओळखत नाही, म्हणून.

आमची कंपनी आजारी माणसांना लागणारं सामान विकते — वर-खाली होणारे पलंग, हवेच्या गाद्या, चाकांच्या खुर्च्या. वसईजवळ कामणला गोदाम आणि त्याच्याच वर ऑफिस. कंपनीचं फेसबुक पेज आम्ही दोघी सांभाळायचो, मी आणि ग्लोरियाताई. त्या वसईच्याच, पापडीच्या. वयाने माझ्याहून बऱ्याच मोठ्या. काम मला त्यांनीच शिकवलं. लिहिण्याआधी वर नाव कोणाचं आहे ते बघ, तुझं की कंपनीचं, असं सारखं सांगायच्या. मी हो हो म्हणायचे. माझ्या फोनवर दोन्ही खाती उघडी असायची — दर वेळी कोण बघत बसणार?

एका दुपारी विरारच्या एका मुलीने आमच्या जाहिरातीखाली लिहिलं — बाबांसाठी पलंग मागवला होता, तुम्ही आज-उद्या करत राहिलात, पलंग आला तेव्हा बाबा नव्हते. आता तो घेऊन जा.

मी जेवता जेवता ते वाचलं. उत्तर लिहायला त्याखालची चौकट उघडली. तेवढ्यात मैत्रिणीने मला एका व्हिडिओत टॅग केलं — तिचा लेक आरशातल्या स्वतःवर चिडला होता. मी खो खो हसले, तीन हसरे चेहरे टाकले आणि डबा धुवायला गेले.

ते चेहरे त्या व्हिडिओखाली गेलेच नाहीत. त्या मुलीच्या शब्दांखाली जाऊन बसले. कंपनीच्या नावाने.

तासाभरात ते सगळीकडे फिरलं. लोकांनी काय काय लिहिलं, ते आता नको. साहेबांनी दोघींना आत बोलावलं. आत जायच्या आधीच मला कळलं होतं — मैत्रिणीचा मेसेज आला होता, व्हिडिओवर काहीच बोलली नाहीस म्हणून.

मग मी बोलले का नाही? थांबा, सांगते. ग्लोरियाताई त्या दुपारी बँकेतून रिक्षाने परतत होत्या. रिक्षात त्या त्या मुलीचं तेच लिहिणं वाचत होत्या, डोळे भरून आले होते, आणि आपल्या रस्त्यावरचे खड्डे तर तुम्हाला ठाऊकच आहेत. साहेबांनी विचारायच्या आत त्या म्हणाल्या, "साहेब, माझाच अंगठा लागला असणार. रिक्षात फोन हातातच होता."

साहेब माझ्याकडे वळले. "तू पेज उघडलं होतंस?"

"नाही सर. मी जेवत होते."

भीती कसली होती? नोकरीची? चारचौघांत नाक कापलं जाण्याची? खरं सांगू — त्या माझ्याआधी बोलल्या आणि मला हलकं वाटलं. एवढंच आठवतं.

दुसऱ्या दिवशी त्या माफी मागायला विरारला निघाल्या. कोणी सांगितलं नव्हतं. एकटीला धीर होत नाही, येशील का, असं मला म्हणाल्या. मी गेले.

दार त्या मुलीच्या आईने उघडलं. मागे भिंतीला टेकवलेला आमचा पलंग, अजून प्लास्टिकमध्येच.

"आम्हाला हसलात, त्या तुम्ही?"

"हो," ग्लोरियाताई म्हणाल्या. "मीच."

त्यांनी हात जोडले. त्यांची पर्स माझ्या हातात होती, मी मागे उभी. त्या बाईंनी आम्हाला बसा म्हटलं नाही. पाणी मात्र दिलं — मलाही. मी ते प्यायले.

ग्लोरियाताईंना कोणी काढलं नाही. त्यांना बिलांच्या कामावर बसवलं. तिथे त्या एकेक आकडा पुन्हा पुन्हा तपासायच्या, तरी समाधान होईना. मग एक दिवस स्वतःच राजीनामा दिला. त्यांची जागा मला मिळाली. आता नव्या मुली येतात, त्यांना मी त्यांचंच वाक्य शिकवते — वर नाव कोणाचं आहे ते बघ. माझ्यासारखं काटेकोर कोणी नाही, असं त्या मुली म्हणतात.

नाताळला मी पापडीला जाते. ताई आता साधा मेसेजही सुनेकडून पाठवून घेतात. माझ्या हाताचा मला भरवसा नाही, म्हणतात. या वर्षी मी निघाले तेव्हा माझा हात त्यांनी बराच वेळ सोडला नाही.

"त्या दिवशी तू सोबत आलीस," त्या म्हणाल्या. "दुसरं कोण आलं असतं गं?"

"असू द्या, ताई," मी म्हटलं.

त्यांनी घरी न्यायला केक बांधून दिला. तो घेऊन मी आले.