आईचा अमेरिकेतला भाऊ

ऐंशीच्या दशकात मी अमेरिकेत चँडलर गावाच्या पुढे, कापसाची शेतं संपून वाळवंट सुरू होतं तिथे राहत होतो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. शिक्षण संपवून नोकरीला लागलो तेव्हा मला जागा द्यायला फारसं कुणी तयार नव्हतं. एका विधुर म्हाताऱ्याने आपल्या घरामागची दोन खोल्यांची जागा दिली, आणि गाडी चालवायलाही त्यानेच शिकवलं. त्याच्या सोबतीला एक तपकिरी, अर्धवट बहिरा कुत्रा होता. बायको गेल्यापासून तो दिवसभर त्या कुत्र्याशीच बोलायचा.

त्या भागात रॅटलस्नेक, म्हणजे शेपटी वाजवणारे विषारी साप, खूप. पहिला मी ऐकला, मग पाहिला. चिंचेच्या वाळक्या शेंगा कुणीतरी जोरात हलवतंय असं वाटलं आणि मी शेंगा कुठे दिसतात का ते पाहायला दोन पावलं पुढे गेलो. म्हाताऱ्याने मागून माझी कॉलर धरून ओढलं. पुढे ते कधी नळाखाली दिसायचे, कधी संध्याकाळी तापलेल्या डांबरावर पसरलेले. म्हातारा लांब दांड्याच्या खोऱ्याने त्यांचं मुंडकं उडवायचा आणि ते खोल पुरायचा, कारण तुटलेलं मुंडकंही चावतं. शेपटीचे खुळखुळे तो खिडकीतल्या बरणीत ठेवायचा.

एका वर्षी तिथल्या उन्हाळ्यात आई आली. तालुक्याच्या गावापलीकडे ती पहिल्यांदाच आली होती. म्हाताऱ्याला ती पहिल्या दिवसापासून ‘भाऊ’ म्हणायची, तो तिला ‘मॅम’. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी सकाळी त्याच्या पडवीत बसून दोघं वाटाणे सोलत बोलत असायची. कुत्रा आईच्या पायाशी झोपायचा.

नागपंचमीला तिने माझ्या टेबलावर हळदीने नाग काढला, लाह्या वाहिल्या, पुरणाचे दिंड उकडले. त्या दिवशी आमच्याकडे चिरणं, तळणं, खणणं नाही. आदल्या दिवशी तिचा भावाचा उपवास असायचा. तिचा सख्खा भाऊ लहानपणीच गेला होता, म्हणून ती नागालाच भाऊ मानायची.

दिंडांची ताटली घेऊन आम्ही म्हाताऱ्याकडे निघालो, तर पंपाच्या खोपटाच्या पायरीखाली साप वाजत होता. जाडजूड, वेटोळं घातलेला. म्हातारा खोरं घेऊन आलाच होता. आई ताटली घेऊन मध्ये उभी राहिली.

“भाऊ, आजच्या दिवस नको.”

मी इंग्रजीत सगळं समजावलं. त्याने ऐकून घेतलं.

“तो माझं भाडं भरत नाही,” म्हातारा म्हणाला.

मी ते आईला सांगितलं. ती म्हणाली, “वाजवून सांगतो तरी बिचारा. आपल्याकडचे सांगतसुद्धा नाहीत.”

मी तेही त्याला सांगितल्यावर तो हसला. खोरं भिंतीला टेकवलं. “उद्यापर्यंत. मॅमसाठी.” मग त्याने कुत्र्याला स्वयंपाकघरात कोंडलं आणि दोन दिंड उभ्याउभ्या खाल्ले.

संध्याकाळी वादळ झालं. दुसऱ्या दिवशी पायरीखाली काही नव्हतं. आम्ही काठ्या घेऊन सगळीकडे शोधलं. म्हाताऱ्याने काही दिवस कुत्रा बांधून ठेवला, पण तो रडायचा, म्हणून शेवटी सोडला. त्याच आठवड्यात पाण्याच्या टाकीपाशी कुत्र्याच्या नाकाडावर दंश झाला. साप वाजला असेलही. कुत्र्याला ऐकू आलं नसेल. मी गाडी चालवली, म्हातारा मागे त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला. गुरांचा डॉक्टर बराच लांब होता. कुत्रा वाचला नाही.

“इथे शेकड्यांनी साप आहेत,” तो नंतर मला म्हणाला. “कोणता होता, कोण सांगणार? मॅमला सांग.”

मी सांगितलं. आई म्हणाली, “तोच होता.”

त्यानंतर ती पडवीत गेली नाही. भाजी, पोळी करून माझ्या हाती पाठवायची. तो घ्यायचा आणि ताटली धुऊन आमच्या पायरीवर ठेवून जायचा. तिच्या निघण्याच्या दिवशी तो गाडीपर्यंत आला, हॅट काढली, तिची बॅग उचलून ठेवली. दोघांनाही काहीतरी म्हणायचं होतं असं मला वाटलं. त्यांना एकमेकांचे शब्द येत नव्हते, आणि माझ्यामार्फत बोलण्यासारखं ते नसावं. पुढच्या वसंतात त्याने जमीन विकली आणि तो लेकीकडे दुसऱ्या राज्यात गेला. बरणी तेवढी खिडकीत राहिली होती.

पुढे बऱ्याच वर्षांनी एका श्रावणात मी गावी होतो. नागपंचमीच्या आदल्या दिवशी आई उपाशी होती. माझ्या मुलीने विचारलं, “आजी, तुला तर भाऊ नाहीये ना? मग हा उपवास नागासाठी करतेस?”

“नागासाठी आता नाही करत. अमेरिकेत आहे एक. त्याचा कुत्रा गेला माझ्यापायी.”

“आई, तो साप दुसरा असेल,” मी म्हणालो. हे मी तिला दर वर्षी फोनवरही म्हणत आलो होतो.

“असेल,” ती म्हणाली. मी तिच्यापुढे ठेवलेलं केळं तिने उचलून मुलीच्या हातात दिलं.