लाखेची वाटी

इतवारीच्या बाजारातले खरादीकाका उघडं लाकूड गिऱ्हाइकाच्या हातात देत नसत. लाटणं असो, पाळण्याचा खांब असो की खाटेचा पाय, लाकूड कातायच्या फिरत्या खरादावर लाखेची कांडी टेकवून लाल-हिरवे पट्टे ओढल्याशिवाय त्यांच्या लेखी वस्तू पुरी होत नसे. बिनकपड्याचं पोरगं कोणी पाहुण्यांपुढे आणतं का, असं ते विचारत.

माप ते टेपने घेत नसत. लाटणं घ्यायला आलेल्या बाईलाही पाटावर हात फिरवून दाखवावा लागे. सत्तरच्या दशकात मी सॉफ्टबॉलची बॅट घेऊन गेले, तेव्हा त्यांनी भर गल्लीत हातगाड्या थांबवून मला ती दहा वेळा फिरवायला लावली. सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलची धाकटी बहीण. आमच्या कॉलेजात नुकतीच आलेली. दुकानातली बॅट मला जड जायची, फटका उशिरा यायचा. रविवारच्या निवडीत असंच झालं तर जिल्ह्याच्या संघात नाव नाही, असं सरांनी बजावलं होतं.

"तू नाही वं फिरवून राहिली," काका म्हणाले, "लाकूड तुले फिरवून राहिलं. सारा भार शेंड्याले हाय."

कुऱ्हाडीच्या दांड्याला लागतो तो धावडा त्यांनी खरादावर चढवला आणि नव्या बॅटच्या जाड टोकात चटणीच्या वाटीसारखा खळगा कोरला. भार तिथूनच कमी झाला. अशी बॅट मी कुठे पाहिली नव्हती.

शनिवारी सरावात पहिलाच चेंडू लांब गेला आणि त्याच्यामागे बॅटही गेली, थेट सरांच्या खुर्चीपाशी. काकांनी सवयीने मुठीपर्यंत लाख चढवली होती आणि माझे तळवे घामेजले होते. उद्या हा पाळण्याचा खांब घरी ठेवून ये, असं सरांनी सांगितलं.

मी तशीच इतवारीत गेले आणि मुठीची लाख काढा म्हटलं.

"नंगी मूठ देऊ? लोक मले काय म्हनतीन?"

लोक काही म्हणणार नाहीत, पण माझं नाव गेलं तर ही बॅट चुलीत जाईल, असं मी सांगितलं.  मग त्यांनी स्वतःच सगळी बॅट खरवडली. वाटीतली लाल लाख मात्र ठेवली.

"हे राहू दे. इथं कोनाचा हात नाही लागत."

रविवारी फटका वेळेवर आला आणि माझं नावही लागलं. पुढे दोन-तीन वर्षांत आमच्या अर्ध्या संघाकडे लाल तोंडाच्या बॅट होत्या.

मग अॅल्युमिनियमच्या आल्या. एक मी काकांना दाखवायला नेली. त्यांनी नखाने वाजवून कानाशी धरली.

"यानं तं पुरी वाटीच करून टाकली वं. लाकूड ठेवलंच नाही."

मुठीवर रबर होतं. ते त्यांनी अंगठ्याने दाबून पाहिलं आणि हसले. "याचीबी बॅट कोन्या पोरीच्या हातून सुटली असंन."

पुढच्या खेपेला दुकान बंद होतं. काका गेल्याचं शेजारच्या भांडेवाल्याने सांगितलं.

आता मी मुलींना शिकवते. बॅट अॅल्युमिनियमच्याच वापरते. त्या चांगल्या आहेत. फक्त एखादीचा फटका उशिरा येऊ लागला की तिला रागावत नाही. चेंडूशिवाय दहा वेळा बॅट फिरवायला लावते आणि भार कुठे आहे ते बघते.