आधी पोचू, मंग पाणी

"आधी पोचू, मंग पाणी."

धम्मपालच्या तोंडी हे वाक्य कायम असे. बियाणं कंपनीत ग्रेडिंगच्या मशीनपुढं सरकीचा ढीग पडलेला असो, की भर उन्हात पाव्हण्यांच्या गावाला चालत जाणं असो, सोबतचं कुणी माठाकडं वळलं की तो हेच म्हणायचा. ढिगापुढं उभं राहून कुठं पोचायचं असतं, असं त्याला कधी कुणी विचारलं नाही. माणसाच्या तोंडात बसलेलं वाक्य त्याच्या नाकासारखं असतं. रोज दिसतं, म्हणून कुणी बघत नाही.

मूळचा तो भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईचा. आता बायको उषा आणि मुलगी प्रिया यांच्यासोबत जालन्याच्या एमआयडीसीजवळ दोन खोल्यांत राहायचा. वय पंचेचाळिशी ओलांडलेलं, अंग तुराटीसारखं.

ते वाक्य मुळात त्याच्या आज्याचं, लिंबाजीचं. निजामाच्या राजवटीत गावकीची जी कामं त्यांच्या लोकांच्या वाट्याला आली होती, त्यांतलं एक मौतीचा सांगावा पोचवण्याचं. गावात कुणी वारलं की लिंबाजीला हाक यायची. ज्या ज्या गावी लेकी दिलेल्या असतील तिथं तो पळत जायचा, कारण माती होण्याआधी लेक पोचली पाहिजे. त्याचा एक नेम होता. सांगावा सांगून होईपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. वाटेत विहीर लागो की नदी लागो. "निरोप तोंडात असताना पानी प्यालं, की निरोप गिळला जातो," असं तो म्हणायचा, आणि म्हणताना त्याची मान ताठ व्हायची.

बाबासाहेबांमागं वस्तीनं दीक्षा घेतली, तशी लिंबाजीनं सांगाव्याची काठी खाली ठेवली. गावकी सुटली. पाय मात्र सुटले नाहीत. म्हातारपणी तो नातवाला घेऊन शेतांमधल्या पांदीच्या वाटेनं पळायचा. धम्मपाल वाटेत तहानला, तर म्हातारा पुढून ओरडायचा, "आधी पोचू, मंग पाणी!" पोराला तो खेळ वाटायचा.

धम्मपालचा बाप रखमाजी. त्यानं हेच पळणं निराळ्या बाजूनं पाहिलं होतं. लहानपणी एकदा वैशाखात तो हट्टानं लिंबाजीच्या मागं गेला. परगावच्या एका अंगणाबाहेर उभं राहून लिंबाजीनं सांगावा सांगितला. घरात रडणं उठलं. मग लिंबाजीनं पाणी मागितलं. एका बाईनं लांबूनच, उंचावरून त्याच्या ओंजळीत धार सोडली. निम्मी धार मातीत गेली. रखमाजीच्या इवल्या ओंजळीपर्यंत ती आलीच नाही. पुढं तो गवंडी झाला, चांगली घरं बांधली, पण ती धार विसरला नाही. "आपल्या घरात पळणारा माझा बाप शेवटचा," असं तो सांगायचा.

म्हणून शाळेत असताना धम्मपाल पळण्यात तालुक्यात पहिला आला आणि खेळाचे सर त्याला जालन्याला न्यायला घरी आले, तेव्हा रखमाजीनं त्यांना चहा पाजला आणि म्हणाला, "गुरुजी, पोरगं शिकायला कुठंबी न्या. पळवायला देनार न्हाई."

त्या दिवसापासून धम्मपाल पळाला नाही. एसटी सुटत असली तरी तो चालतच जायचा. गाडी गेली तर गेली.

अशी कैक वर्षं गेली. प्रिया पोलीस भरतीच्या तयारीला लागली, तेव्हा गोष्ट पुन्हा हलली. पहाटे चार-पाच पोरी एमआयडीसीच्या रस्त्यानं पळायच्या. गोदामांपाशी मोकाट कुत्री असत, म्हणून धम्मपाल मोटारसायकल घेऊन मागं राहायचा. एका थंड सकाळी गाडी सुरूच होईना. किक मारून पाय भरून आला. पोरी लांब गेल्या. त्यानं गाडी तिथंच उभी केली, चपला हातात घेतल्या आणि पळत सुटला.

पोरींना त्यानं गोदामांच्या अलीकडंच गाठलं.

"अय्या पप्पा!" प्रिया म्हणाली. "कुत्रं लागलं का मागं?"

"न्हाई. गाडी बंद पडली."

"मंग पळून राह्यले कशाला? आम्ही येऊन राह्यलो ना परत!"

धम्मपाल त्यांच्या जोडीनं पळत राहिला. तो हसत होता आणि त्याला धाप लागत नव्हती. पायांखाली डांबर होतं, पण पायांना पांदीची माती लागत होती. दुसऱ्या दिवशी गाडी नीट होती, तरी तो तिला हात न लावता निघाला.

प्रियाची निवड झाली आणि ती ट्रेनिंगला गेली. तिच्याबरोबर पळण्याचं कारणही गेलं. धम्मपाल पहाटे उठायचा, बूट घालायचा, पायरीवर बसायचा, बूट काढायचा. असे बरेच दिवस गेले. एकदा प्रियाचा फोन आला.

"पप्पा, पळता ना?"

"पळतो की."

फोन ठेवल्यावर त्यानं पायरीवर बसून बूट घातले. मग लेकीशी बोललेलं खोटं ठरू नये म्हणून उठला आणि बाहेर पडला. लोखंडाच्या कारखान्यांच्या धुराड्यांवर तांबूस उजेड आला होता. पाळीवर निघालेल्या माणसांचे टेम्पो शेजारून जात होते. राखायला पुढं कुणी नव्हतं, तरी पाय चालत होते. त्या दिवशी त्याला कळलं, की पळण्याला कारण लागत नाही. लागतात ते बूट, आणि ते घालण्यापुरती लाज सोडणं.

जालन्यात दरवर्षी थंडीत दहा किलोमीटरची शर्यत असते. धम्मपालनं मोठ्या वयाच्या गटात नाव दिलं. वाटेत जागोजागी टेबलं मांडून पाण्याचे पेले ठेवलेले होते. पोरं हात पुढं करून ओरडत होती, "काका, पाणी!" धम्मपालचा हात एकदाही वळला नाही. त्यानं तसं ठरवलं नव्हतं. अंगालाच ते वळण होतं. शेवटच्या वळणावर दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले आणि तो रस्त्याच्या कडेला आडवा झाला. लोकांनी उचलून टेम्पोत घातला.

कंपनीत त्याच्या जोडीला अंगद असे. तो थट्टा सोडणाऱ्यांतला नव्हता. "ऐकलं का रे, धम्मपालभाऊ टेम्पोत बसून पहिले आले!"

सगळे हसले. धम्मपालही हसला. मग म्हणाला, "औंदा झालं ते झालं. पुढच्या साली परत टेम्पो लागला, तर हे बूट तुझे. पळणं बंद. बिलकुल बंद."

"मला मोठे होतेत ते," अंगद म्हणाला. "पन शब्द लक्षात ठेवतो."

पुढच्या थंडीत रखमाजी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी जालन्याला आला आणि लेकाकडंच राहिला. काळा चष्मा लावून तो पहाटेपासून पायरीवर बसायचा. लेक बुटांची नाडी बांधायला लागला, की रोज तोच सवाल.

"कुठं निघाला? कोन मेलं?"

धम्मपाल नाडी आवळून निघायचा. पण त्या सवालानंतर तो लवकर परतायचा, पाय जड झाल्यासारखा. शर्यत जवळ येत चालली तसं उषाला हे बघवेना. एका संध्याकाळी सासऱ्याच्या ताटात भाकरी वाढताना ती बोलली.

"मामा, रोज नका विचारत जाऊ. मागच्या खेपेला पडले, तवापासून मनात धास्ती आहे त्यांच्या."

"पडला? कशानं?"

"पाणी न्हाई प्याले. टेबलंच्या टेबलं मांडली होती पाण्याची. म्हणे, आधी पोचू, मंग पाणी."

रखमाजीचा घास हातातच राहिला. "काय म्हनला?"

"आधी पोचू, मंग पाणी. तुमच्याच वडलांनी शिकवलं म्हणतात, पांदीत."

म्हाताऱ्यानं घास परत ताटात ठेवला. भाकरी गार झाली. दुसऱ्या दिवशी पहाटे धम्मपाल नाडी बांधत होता, तेव्हा पायरीवरून सवाल आला नाही.

शर्यतीच्या दिवशी धम्मपाल सावकाश निघाला. टेबलं आली आणि गेली. दोनदा त्यानं हात पुढं केला, आणि दोनदा तो हात पेल्यापर्यंत जाऊन रिकामा परत आला. शेवटचं वळण दिसायला लागलं आणि पोटऱ्या ओढायला लागल्या. तिथं, तो गेल्या साली पडला होता त्याच जागी, काळा चष्मा लावून रखमाजी उभा होता. हातात घरचा पितळी तांब्या. शेजारी उषा.

"धम्मा! थांब."

धम्मपाल थांबला.

"पी."

"आबा, आधी पोचू…"

"पी म्हनतो ना. कुनी मेलं न्हाई."

धम्मपालनं ओंजळ पुढं केली. रखमाजीनं पाणी ओतलं नाही. त्यानं तांब्याच त्या ओंजळीत ठेवला. धम्मपालनं तो तोंडाला लावला आणि उभ्यानं, घटाघटा, सगळा रिकामा केला.

"काका, लोक पुढं चालले!" टेबलावरचं एक पोरगं ओरडलं.

"जाऊ दे," रखमाजी म्हणाला. "त्यायला घाई असंल."

धम्मपाल पोचला. पुष्कळ जण त्याच्या आधी पोचले होते. सगळ्यांनाच देतात ते पदक त्यालाही मिळालं. टेम्पो लागला नाही.

दुपारी दुसऱ्या पाळीसाठी अंगद त्याला न्यायला आला. गाडी पायरीपाशी लावून म्हणाला, "मंग भाऊ? बूट देता का?"

"न्हाई."

"मंग बसा तरी मागं."

"तू हो पुढं. मी येतो पायी."

उषानं दिलेली पाण्याची बाटली धम्मपालनं खांद्याला अडकवली. पाय दुखत होते, म्हणून तो जरा फेंगडा चालत होता. कोपऱ्यापाशी तो उभा राहिला, दोन घोट प्याला आणि पुढं निघाला. अंगद गाडी बंद करून बघत राहिला. पायरीवर रखमाजीनं काळा चष्मा कपाळावर सरकवला, उन्हाला हात आडवा धरला, आणि लेक कोपऱ्यावर वळून दिसेनासा होईपर्यंत तसाच बसून राहिला.